डबड्याला लावलेला सूर

३ मार्च
पोचले एकदाची संगीतकारांच्या घरी! आयुष्यभर समूहगायनात मागच्या रांगेत उभं राहून आ-आ केलं, आता पहिल्यांदाच एकटीने गायचंय. धाकटीला फोनवर सांगितलं तर ती रडलीच. वेडी आहे माझी बहीण.
इथली सगळी वाद्यं संगीतकारांनी स्वतः बनवलेली. काचेच्या नळ्या, ताणलेल्या तारांची एक खाटच म्हणा ना, आणि मधोमध कातडं ताणलेलं पत्र्याचं खोकं. मी त्याला डबडं म्हणते. सा आणि रे यांच्यामध्ये त्यांनी इतके स्वर कोंबलेत की त्यातले निम्मे मला सारखेच वाटतात. तसं म्हटलं मात्र नाही. पहिल्याच दिवशी कशाला शोभा करून घ्या!

४ मार्च
तालमीच्या खोलीला खिडकी नाही, भिंती आणि दार गादीसारखे. मोबाइल बाहेर ठेवायचा. कडीही बाहेरूनच. दारातल्या नळीतून हाक मारली की घर सांभाळणाऱ्या मावशी उघडतात. जीव थोडा कोंडतो, पण चहा वेळेवर येतो, तेव्हा तक्रार नाही.
संगीतकारांचा नियम एकच. मी गायचं आणि आपोआप वाजणाऱ्या डबड्याने ऐकून ऐकून माझ्या गळ्याला लागायचं. मी त्याच्या मागे जायचं नाही. हे त्यांनी इतक्यांदा बजावलं, जणू मी कालच गायला लागले.

७ मार्च
आज घोळ झाला. डबडं किंचित वर वाजत होतं. समूहात गाणाऱ्यांची खोडच असते, शेजारचा सूर हलला की आपणही हलायचं. मी हलले. सूर असा चिकटला की अंगावर काटा आला. संगीतकार खूश, म्हणाले की वाद्य आज छान लागलं. कोण कोणाला लागलं ते मी सांगितलं नाही.

९ मार्च
धाकटीचा फोन आला. मी बोलतेय आणि ती आपली हॅलो हॅलो करतेय. जेवताना मावशींकडे मीठ मागितलं, त्या ढिम्म. वैतागून ओरडले, तेव्हा त्यांनी दचकून तालमीच्या खोलीकडे पाहिलं.

१० मार्च
संगीतकार माझ्याशी बोलतात, पण डबड्याकडे बघून. आज त्यालाच म्हणाले की ताई, कमाल केलीत. मी गप्प उभी होते. गात होतं ते. माझ्या आवाजात.
मला भीती वाटतेय. उद्या येते म्हणून धाकटीला मेसेज केलाय.

११ मार्च
बॅग भरली. चष्मा आत राहिला म्हणून तालमीच्या खोलीत आले, तर मावशींनी सवयीने कडी घातली. नळीतून हाका मारल्या. काही नाही. मग माझ्या मागून डबडं बोललं. म्हणालं, मावशी, रियाज चाललाय, उघडू नका.
त्या बरं ताई म्हणाल्या.

१२, बहुतेक
दार बडवलं. गादी सगळं गिळते. डबड्यावर स्टूल हाणलं — माझाच घसा फाटला. रक्त. मोडताही येत नाही. घोटभर पाणी —

धाकटी आलीये! नळीतून तिचा आवाज. मी घरी पोचले नाही म्हणून धावत आली. मी किंचाळतेय, तिला काहीच —

ते बोललं तिच्याशी. अगदी मजेत आहे म्हणालं. लाडात. ती हसली. म्हणाली की ताई, तुझा आवाज किती सुरेख लागलाय गं.

आत बोलावतंय तिला. दोघी मिळून गाऊ म्हणतंय. फक्त माझ्या सुरात सूर मिसळ —

कडी निघाली. दार उघडं आहे. मला पळता येईल. पण ती माझ्याकडे न बघता, डबड्यालाच ताई म्हणत त्याच्यासमोर बसली, मी हलवतेय तरी तिला कळत नाही — डोळे मिटून सूर शोधतेय —

हे पान तिच्यापुढे धरते. धाकटे, डोळे उघड. हे वाच. गाऊ नकोस. तोंड उघडू न