स्टीलच्या पेल्यातलं पाणी

अण्णा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला दोन ओळी लिहिल्या नाहीत. आज लिहिते आहे ती काही प्रेमाचा उमाळा आला म्हणून नाही. मला भीती वाटते आहे, आणि ज्याची भीती वाटते ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. तुमचं व्यसन माझ्यात उतरलं आहे. गेलं दीड वर्ष मी चोरून पिते आहे, आणि शनिवारपासून मला वाटतं की माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला ते कळलं आहे. बाहेर सकाळपासून बर्फ पडतंय, नेपरव्हिलच्या आमच्या गल्लीत एक माणूस दिसत नाही. मी घरूनच काम करते, म्हणजे आज करत नाहीये. साडेतीनला पोरीची शाळेची बस येईल, संध्याकाळच्या ट्रेनने नवरा शिकागोहून येईल. तोवर काय ते लिहून होईल.

तुम्ही मागच्या दाराच्या पायरीवर बसायचात. कारखान्याच्या कॉलनीतलं ते दोन खोल्यांचं क्वार्टर, पलीकडे उसाची बैलगाडी गेली की पायरी हलायची. रेडिओवर सातच्या बातम्या लागल्या की तुमचा स्टीलचा पेला निघायचा. काचेचा ग्लास घरात होता, पण काचेतून रंग दिसतो. पहिला घोट घेण्याआधी तुम्ही अनामिका पेल्यात बुडवून अंगठ्याने टिचकी मारायचात, तीन थेंब मातीवर. आई आतून म्हणायची, "ताटाभोवती कधी चित्राहुती घातली नाहीत, इथे बरी आठवते!" तुम्ही हसायचात. मीही हसायचे, कारण त्या वेळी तुम्ही घरातले सगळ्यात गमतीदार असायचात. एकदा मामा न सांगता आला. मी पुढच्या दारात भातुकली मांडून बसले होते. "अण्णा काय करतायत गं?" त्याने विचारलं. मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून म्हटलं, "पाणी पितायत." मामा गेल्यावर तुम्ही मला दोन लिमलेटच्या गोळ्या दिल्यात. त्यानंतर हे काम माझ्याकडेच आलं.

तुमच्याकडून शिव्या मी एकदाच खाल्ल्या, त्या डिस्टिलरीत. तुम्ही तिथले केमिस्ट, आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी हट्ट करून तुमच्याबरोबर आले होते. मळी आंबवायच्या त्या टाक्या, वर लोखंडी जिना, आणि आतून येणारा आवाज, भात शिजत असल्यासारखा. मी झाकणातून डोकं आत घालणार तेवढ्यात तुम्ही माझी वेणी धरून मागे ओढलंत. "मरायचंय का? आत हवा नसते, नुसता गॅस! डोकं घालायचं नाही, आधी हाताने वारा घ्यायचा, लांबून!" मग तुम्हीच मला शिकवलंत, पंजा कसा हलवायचा, वास थोडा थोडा कसा घ्यायचा. घरी येताना तुम्ही म्हणालात, वास घेणाऱ्याने कायम लांब उभं राहावं. मी तेव्हा ते केमिस्ट्री समजले.

आता स्कॉटलंडचं सांगते. दीड वर्षापूर्वी उन्हाळ्यात नवऱ्याचं ऑफिसचं काम एडिंबरात निघालं, दोन आठवड्यांचं, आम्ही मायलेकी त्याच्या मागे लागून गेलो. एका शनिवारी एक दिवसाची टूर घेतली. आठ माणसांची व्हॅन, घागऱ्यासारखा किल्ट घातलेला म्हातारा गाइड, सकाळी समुद्रकिनारा, दुपारी बोटीतून प्राणी आणि पक्षी, शेवटी व्हिस्कीची डिस्टिलरी. नवरा म्हणाला, "अगं, आपण दोघं पीत नाही, तो डिस्टिलरीचा स्टॉप कशाला? दुसरी टूर बुक करू ना." मी म्हटलं, "यार, पोरीला सील बघायचेत, बाकीचं स्किप करू." पोरीने तोपर्यंत सीलचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

सील मात्र दिसले. काळ्या खडकांवर आडवे पडले होते, श्रावणी सोमवारचं जेवून सोफ्यावर लवंडलेल्या काकांसारखे. कड्यावर हजारो पांढरे पक्षी, खाली समुद्र इतका खवळलेला की बोट एका कुशीवर झाली आणि मी पोरीच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. ती खिदळत होती. गाइड म्हणाला, हे सील पाण्यातही झोपतात, बाटलीसारखे उभे, फक्त नाक वर. त्याने बोट दाखवलं तिथे खरंच एक डोकं लाटेवर वरखाली होत होतं, डोळे मिटलेले. सगळे फोटो काढत होते. मला का कोण जाणे धडकी भरली, आता हे बुडणार असं वाटत राहिलं, आणि बोट वळेपर्यंत मी त्या डोक्यावरून नजर काढली नाही.

डिस्टिलरीच्या दारातच मला तुम्ही भेटलात. इथे मळी नव्हती, सातू होते, पण आंबल्यावर वास तोच. दोन मजली उंच लाकडी पिंपं होती, त्यांच्या झाकणाला छोटी दारं. तिथल्या बाईने एक दार उघडलं, म्हणाली, या, वास घेऊन बघा. पोरगी टाचा उंच करून पुढे झाली आणि मी तिची वेणी धरून मागे खेचलं. "मरायचंय का? डोकं घालायचं नाही, आधी हाताने वारा घे!" सगळी टूर वळून बघायला लागली. तुमचाच आवाज होता अण्णा, तुमचीच वाक्यं, मराठीत, स्कॉटलंडमध्ये. पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "मॉम, यू हर्ट मी." नवऱ्याने मला बाजूला घेतलं. "काय झालं एकदम? रिलॅक्स कर जरा." मग त्या बाईने सांगितलं की मी म्हणते ते बरोबर आहे, जास्त वाकलं तर झीट येते. मला जरा शाबासकी मिळाली. तोपर्यंत आम्ही टेस्टिंगच्या टेबलापाशी पोचलो होतो.

माझ्यासमोर ग्लास आला. मी काहीच ठरवलं नव्हतं. अनामिका आत गेली, अंगठा हलला, तीन थेंब त्यांच्या चकचकीत फरशीवर. तुम्ही गेल्यापासून मी हे कुणाला करताना पाहिलं नव्हतं. माझ्या हाताने ते कुठे ठेवलं होतं, देव जाणे. त्या बाईने कौतुकाने विचारलं, हे काय? मी म्हटलं, आमच्याकडचा धार्मिक रिवाज आहे. झालं! तिने सगळ्यांना सांगितलं, आणि ग्लास हातात असलेल्या सगळ्यांनी बोटं बुडवून थेंब उडवले. नवरा तर नुसता फुलून गेला होता. "तुमच्याकडे असं करतात? मला कधी बोलली नाहीस." हा नागपूरचा, याच्या घरात सगळे कफ सिरपसुद्धा मोजून घेतात. त्याने स्वतःचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "माझंही तूच घे, वाया कशाला घालवायचं." मी दोन्ही प्याले. अण्णा, खोटं कशाला बोलू, मला घरी आल्यासारखं वाटलं. पायरीवर, उसाच्या वासात, तुमच्या शेजारी. त्याच क्षणी कळलं की हे वाईट आहे, कारण इतकं बरं मला लग्नातही वाटलं नव्हतं. एक बाटली घेतली, पाहुण्यांसाठी.

पाहुणे आले नाहीत. आमच्याकडे येणारे काका-काकू चहा पितात. दिवाळीपर्यंत बाटली संपली, आणि पुढची मी अर्धा तास ड्राइव्ह करून दुसऱ्या गावातून आणली, इकडे दुकानात महाराष्ट्र मंडळातलं कुणी भेटलं तर काय, म्हणून. आईचं घर आवरताना तुमचा पेला मी इकडे आणला होता, तो लाँड्री रूममध्ये साबणाच्या खोक्यामागे असतो. दुपारी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, मी ड्रायर लावते, रिकामाच, म्हणजे घरात कुणी आलंच तर कपडे वाळतायत असं वाटावं. बस यायच्या आधी तोंडात बडीशेप टाकते. तुम्ही निदान उघड्यावर बसायचात.

शनिवारी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, इथल्याच एका काकूंकडे. पुरुष मंडळी खाली बेसमेंटमध्ये, फक्त आमचा हा भाजीचा ट्रे उचलायला वर आला होता. पोरांना डब्यातल्या आमरसाचे ग्लास दिले होते. माझ्या मुलीने ग्लासात अनामिका बुडवली आणि टिचकीने तीन थेंब काकूंच्या कार्पेटवर उडवले. "अगंबाई, हे कुणी शिकवलं तुला?" काकूंनी विचारलं. "आई डज इट," ती म्हणाली, "लाँड्री रूममध्ये. बिफोर हर वॉटर." बायका हसल्या. एकजण म्हणाली, "बघा हो, अमेरिकेत राहून मशीनपुढे चित्राहुती!" मी पण हसले. पण पोरगी हसत नव्हती. 'वॉटर' म्हणताना ती काकूंच्या डोळ्यांत डोळे घालून बघत होती, पापणी न हलवता. ती नजर मला चांगली ओळखीची आहे. मामाकडे मी तसंच बघितलं होतं. तिला खरंच पाणी वाटतं की ती मला झाकते आहे, हे मला चार दिवस कळत नाहीये, आणि विचारायची छाती होत नाहीये. मी तिला लिमलेटची गोळीसुद्धा दिलेली नाही, अण्णा. न मागता करतेय ती. नवरा ट्रे हातात घेऊन तसाच उभा होता. घरी येताना गाडीत तो फक्त हीटर वाढवू का एवढंच बोलला. त्याला काय कळलं तेही मला माहीत नाही.

एक गोष्ट आईलाही माहीत होती, पण आम्ही दोघींनी ती कधी काढली नाही. तुमच्या पोटात पाणी झालं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, रोज किती घेतात? आई फरशीकडे बघत राहिली. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, एकवीस वर्षांची घोडी, सगळं समजत होतं. मी म्हटलं, "कधीतरी. सणासुदीला." त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. खरं सांगितलं असतं तर काही फरक पडला असता का, हे मी कुणालाही विचारलेलं नाही. इथे आमच्या ओळखीत तीन डॉक्टर काका आहेत, तरी नाही.

आणखी एक. वर 'अण्णा' लिहिलंय तिथे शाई पसरली आहे, ते डोळ्यांतलं पाणी समजू नका. लिहायला बसण्याआधी मी पेला भरून घेतला होता आणि सवयीने थेंब उडवले, ते कागदावर पडले. घोट घेतलेला नाही. पेला अजून भरलेला आहे आणि मला तो सारखा दिसतो आहे. खाली ड्रायर रिकामा फिरतोय, तो आता बंद करून येते. हे पत्र तुम्हाला काही पोचायचं नाही, तेव्हा डायनिंग टेबलावर पेल्याखाली ठेवणार आहे. नवऱ्याला मराठी वाचता येतं. बडीशेपेचा डबा मी उघडलेला नाही.

कोपऱ्यावर बसचे दिवे दिसतायत. तो यायला अजून तीन तास आहेत, आणि तो आल्यावर टेबलाकडे बघून विचारील, हे काय आहे? पोरगी 'पाणी' म्हणायच्या आत मला बोलायचं आहे.