चिंचेच्या पाण्यातले शंख

वास्को, गोवा
१८ मे २०२५

ती. आत्यांना दीपमालाचा वाकून नमस्कार.

मी सुखरूप किनाऱ्यावर आले. जहाजाचं हलणं अजून अंगात आहे, त्यामुळे चालताना इथली फरशीच डुलते. जेवण बरं आहे, पण रोजच्या भाताचा कंटाळा आला. तुमच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर यांना सांगा. न सांगता आणून द्यायचा तुमच्या लेकाचा स्वभाव नाही. इथल्या मैत्रिणींना वाटतं आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात हे सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना. सासूला कुणी एवढी पत्रं लिहितं का, म्हणाल्या. फोनवर तुम्ही नुसतं 'बरं, बरं' म्हणता आणि माझंही बोलायचं राहून जातं, म्हणून लिहितेय. सावकाश वाचा.

आधी शंखांचं. शेजारच्या गौसियाभाभींनी मला सगळं सांगितलंय, त्यांच्यावर चिडू नका. संक्रांतीला मी बाटलीत आणून दिलेले ते बारीक शंख तुम्ही ऋतुजाच्या वाळ्यांबरोबर रात्रभर चिंचेच्या पाण्यात टाकलेत. भावकीतल्या लग्नाला जायचं, तर चांदीबरोबर तेही उजळून निघतील म्हणून. सकाळी वाळे लखलखीत आणि शंख गायब. मग पोरीनेच ते गिळले असं समजून तिला काखोटीला मारून भर उन्हात बीडच्या दवाखान्यात नेलंत. डॉक्टर हसला, तरी घरी येऊन तुम्ही तिच्या शीवर पहारा ठेवलात म्हणे. आणि तेव्हापासून माझा फोन आला की तुम्हाला नेमका शेळीला पाला टाकायचा असतो.

आत्या, ते कुणी गिळले नाहीत, कुणी चोरलेही नाहीत. ते विरघळले. ते शंख म्हणजे समुद्रातल्या एका गोगलगायीचं कवच, ते चुन्यासारखं असतं, कांद्याच्या सालीहून पातळ. आंबट लागलं की संपलं. मी रागावले नाही. उलट आमच्या प्रमुख बबिता मॅडमना हा किस्सा सांगितला, तर त्या पोट धरून हसल्या आणि मग त्यांनी तो वहीत टिपून घेतला. कारण आम्हाला भीती आहे ती हीच. गाड्यांचा, कारखान्यांचा धूर शेवटी समुद्रातही मुरतो आणि पाणी हळूहळू आंबटाकडे झुकतं. चिंचेएवढं नाही, पण एवढ्याशा जिवाला थोडंही पुष्कळ होतं.

तू समुद्रात मोजतेस तरी काय, असं तुम्ही विचारलं होतंत, तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. ही गोगलगाय जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढी. तिच्या पायाचेच दोन पंख झालेत, ते हलवत ती पाण्यात उडते. दिवसा खोल जाते, अंधार पडला की खायला वर येते. सगळीकडे ती सारखी नसते, सगळ्या महिन्यांतही नसते. हिवाळ्यात जाळ्यात बऱ्यापैकी आली. आता उन्हाळ्यात जाळं वर ओढलं की तळाशी चिमूटभर. पावसाळ्यातला वारा खालचं पाणी वर आणतो, त्याबरोबर तिचं खाणं वर येतं, तेव्हा ती उदंड होत असणार, असा माझा अंदाज आहे. पण नुसत्या अंदाजाला कोण विचारतं? पावसाळ्यात तिथे जाऊन बघावं लागतं.

इथवर लिहून मी चहा पिऊन आले.

भाभींनी आणखी एक सांगितलं. त्या लग्नात कुणीतरी बायकांत म्हणालं, लेकरू टाकून बाई जहाजावर राहते, हे कसलं काम? तुम्ही पंगतीत वाढत होतात. वाढता वाढता म्हणालात, "माजी सून समिंदर मोजाया गेली हाय. तुमच्यात कुनाला येतंय का?" आत्या, हे ऐकून मी रडले. माझ्या सख्ख्या आईने हे म्हटलं नसतं. ती अजून विचारते, नोकरी कधी सोडतेस. तुमचे उपकार कसे फेडू ते मला कळत नाही, आणि फेडायची भाषा केली तर तुम्ही रागवाल.

परवाच्या व्हिडिओ कॉलचं बोलायचं राहिलंय. यांनी ऋतुजाला विचारलं, आई कुठंय? तिने फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. वळून तुमच्या गळ्यात हात टाकले. मग फोन बंद झाला आणि नंतर यांचा निरोप आला की नेटवर्क गेलं. आपल्या नेकनूरला नेटवर्क जातं, मान्य. पण बटणावर आलेला तुमचा अंगठा मला दिसला होता. मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही तो दाबलात. दोन वर्षांच्या पोरीचा काय दोष, आणि तुमचा तरी काय?

जहाज जुलैत पुन्हा निघणार आहे. मी नाही गेले तर दुसरं कुणी जाईल, जहाज अडणार नाही. माझं काम मात्र अर्धं राहील, आणि ते मला सोसणार नाही. तरी तुम्ही नको म्हणालात तर मी घरी येईन आणि तोंड पाडून बसणार नाही. मॅडमना मी अजून होही म्हटलेलं नाही, नाहीही नाही.

यांच्या लहानपणीचं तुम्ही एकदा शेंगा फोडताना सांगितलं होतंत, मी नवी नवरी होते तेव्हा. "उत्तरेश्वराला मायपशी ठिवून ऊस तोडाया गेलते. कारखान्याचा पट्टा पडून हंगाम सरल्यावर घरी आले, तर लेकरू मायच्या पदराआड लपलं. मी म्हनलं, मी तुजी आई हाय. त्ये म्हनलं, न्हाई." एवढं सांगून तुम्ही सूप उचलून आत गेलात. पुढचं विचारायचं मला सुचलं नाही, कारण तेव्हा मला लेकरू नव्हतं.

आता विचारते. हे तुम्हाला पुन्हा आई कधी म्हणाले? किती दिवस गेले, आणि तोवर तुम्ही काय केलंत? मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका, जसं झालं तसंच सांगा. दुसऱ्या हंगामाला तुम्ही परत गेलात, ते कशाच्या बळावर, तेही सांगा.

आणि ऋतुजा तुम्हाला आई म्हणत असेल तर म्हणू द्या. तिचं तोंड धरून फोनकडे वळवू नका. तिला हाक मारावीशी वाटते तेव्हा ओ द्यायला तुम्ही आहात, म्हणून तर मी इथे उभी आहे.

तुमची सून, आणि ऋतुजा म्हणेल ती,
दीपमाला