बेटावरची भरलेली घरं

क्वीन्सटाउन, सिंगापूर
४ ऑगस्ट २०१४

ती. नंदाताईस,
सा. न. वि. वि.

कानाचं यंत्र घालणार नाही हा तुझा हट्ट, म्हणून मला पत्र लिहावं लागतं. ऑडिटरला एवढं लांबलचक लिहिताना पहिल्यांदाच बघतोय, असं म्हणून शैलेंद्र हसतोय.

मागच्या आठवड्यात कामासाठी एका बेटावर जाऊन आले. आश्रय मागायला आलेल्या लोकांना एका देशाचं सरकार तिथे घरं देऊन ठेवतं. कंत्राटदाराला दर कुटुंबामागे पैसे मिळतात. घरांत खरंच माणसं राहतात का, हे बघून सही करायचं काम आमच्या कंपनीकडे आहे.

माणसं होती, ताई. प्रत्येक घरात एक बाई, एक खोकणारी मुलगी आणि शेगडीवर उकळी यायच्या बेतातला भात. एक घर पाहून झालं की कंत्राटदाराचा माणूस मला ऑफिसात चहाला नेई, मग पुढचं घर. बाईची ओढणी दर वेळी वेगळी, खोकला मात्र तोच वाटायचा. गाद्यांवर कुणी निजल्याची एक सुरकुती नव्हती. नुकत्याच झटकल्या असतील, अशी मनाची समजूत घातली.

पहिल्या घरात मी मुलीला चिवड्याचा डबा दिला होता. शेवटच्या घरातल्या बाईने तो धुऊन माझ्या हातात ठेवला. आत मूठभर तांदूळ. आपली आई शेजारणीचा डबा कधी रिकामा पाठवायची नाही, तसंच. आपण काय केलं हे मग तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा उतरला. माझा हात तिने किती तरी वेळ सोडला नाही.

मग कागदावरची बाकीची कुटुंबं कुठे आहेत? महिनाअखेरीला सही करायची आहे आणि मला भीती वाटते. लवकर कळव. माया आहेच, ती तशीच असू दे.

तुझी,
सुनेत्रा

सातारा
१४ ऑगस्ट २०१४

चि. सुनेत्रास,
अनेक आशीर्वाद.

परक्या सरकारच्या तपासणीलाही चिवडा घेऊन गेलीस, धन्य आहेस. पत्र वाचून मात्र जेवण गेलं नाही.

सही करू नकोस. पैसे कुणी खाल्ले ते सरकार बघेल, पण माणसं गेली कुठे हे कुणीतरी विचारायला हवं. त्या बाईबद्दल मात्र अवाक्षर लिहू नकोस. डब्याचं तर नाहीच. बिचारी रीत पाळायला गेली आणि अडकली. तिला जप.

जावईबापूंना आशीर्वाद. तब्येतीची हेळसांड करू नकोस.

तुझी,
ताई

क्वीन्सटाउन, सिंगापूर
२० सप्टेंबर २०१४

ती. नंदाताईस,
सा. न. वि. वि.

सही केली नाही. अहवालात फक्त गाद्यांचं लिहिलं होतं. पण आमचे साहेब, अभय, म्हणाले की सरकारी पैशाचा मामला आहे, पुराव्याशिवाय असं लिहिता येत नाही. त्यांचंही चूक नव्हतं. मग मी डबा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. तू नको म्हणाली होतीस. अहवाल वर गेला, माझी पाठ थोपटली गेली आणि मला बरंही वाटलं.

नंतर कंत्राटदाराचा निरोप आला की त्रुटी दूर केली आहे, येऊन बघा. काल जाऊन आले. आता सगळ्या घरांत माणसं आहेत, प्रत्येक घरात वेगळी. गाद्या चुरगळलेल्या, पोरांची भांडणं चाललेली. कधी आलात, असं दुभाष्यामार्फत विचारलं. आम्ही इथेच होतो, असं प्रत्येक घरात सांगितलं. अगदी त्याच शब्दांत.

शेवटच्या घराचं दार एका म्हाताऱ्याने उघडलं. इथल्या बाईबद्दल विचारलं, तर त्याने आधी कंत्राटदाराच्या माणसाकडे पाहिलं. मग म्हणाला, अशी बाई इथे कधी नव्हतीच.

त्या मायलेकी कुठल्याच घरात नाहीत, ताई. एकही घर रिकामं नाही, त्यामुळे हिशेबात त्या कमी पडत नाहीत. सही उद्या हवी आहे, आणि या वेळी नाही म्हणायला माझ्याकडे काही नाही.

रागावली असलीस तरी दोन ओळी पाठव.

तुझी,
सुनेत्रा