तालुक्याचा पत्ता

मंगळ., ४ नोव्हें.
फायबर आलं. खांबावरून दोऱ्याएवढी वायर, भिंतीवर एक डबी, संपलं. जो फॉर्म उघडेपर्यंत माझा चहा व्हायचा तो पापणी लवायच्या आत उघडला. माझ्या टायपिंग क्लासच्या मुली टाळ्या वाजवत होत्या. मीही दोनदा उघडून पाहिला, उगाच. जुनं टेलिफोनवालं कनेक्शन दुपारीच अर्ज देऊन बंद केलं. मारेगावात आपणच शहाण्या, अशा थाटात.

गुरु., ६
जुन्या कंपनीचा मेल. कनेक्शन गेलं की त्यांनी दिलेला ईमेलही जाणार, ३० तारखेला. फोन केला. परत चालू होत नाही, म्हणे या भागातल्या तांब्याच्या वायरीच काढून राह्यलो. फायबरवाले ईमेल देतच नाहीत. म्हणजे तेरा वर्षांचा पत्ता एका वायरीला बांधलेला होता आणि ती मीच कापली.
यांचं मत: फुकटचा घे, एका मिनिटाचं काम.

शनि., ८
मिनिटाचं नाही. फुकटवाल्याकडे माझं नाव शिल्लक नाही, मागे आकडे लावा म्हणतो. फोनवर पत्ता सांगताना अर्धे लोक आकडे चुकतील. दुसरा एक आहे, दरवर्षी पैसे घेणारा. जाहिराती नाहीत, जुने मेल स्वतःच ओढून घेतो. पण पैसे भरायचे विसरले तर? उद्या ठरवू. आधी जुन्यात आहे काय ते बघावं.

रवि., ९
सकाळपासून बघतेय. जेवण राहिलं.
फॉर्ममधला ईमेलचा रकाना रिकामा सोडता येत नाही. फॉर्म भरायला येणाऱ्यांकडे ईमेल नसायचा. मी माझाच टाकायचे. पुढे ओटीपीसाठी फोन यायचे, आंघोळीतून बाहेर येऊन सांगायचे. यात काही विशेष वाटलं नाही कधी.
आज मुकुटबनच्या मंगेशचं नाव घालून शोधलं. आयटीआयचा प्रवेश. सैन्यभरतीचं हॉल तिकीट. नापास. परत हॉल तिकीट. निवड. लग्ननोंदणी. मुलीचा जन्मदाखला. एका माणसाचं सगळं आयुष्य, आणि मी त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा त्याला मिसरूडही नव्हतं. असे किती! मोजणं सोडून दिलं. हात जोडावेसे वाटले, कोणाला ते कळेना.
यांना बोलावून दाखवलं. यादी खालपर्यंत सरकवत गेले आणि म्हणाले, "तुले कोणी सांगतलं होतं तालुक्याचा पत्ता व्हायले?"

मंगळ., ११
पैसेवाला घेतला. कारण एकच: उद्या वायर कोणाचीही असो, पत्ता हलणार नाही. नाव माझं मिळालं, आकड्याविना. जुने मेल यायला लागले. समोर बसून राहिले. वर्षंच्या वर्षं ओळीने येत होती, एकही चुकत नव्हतं. हे कसं होतं मला खरंच माहीत नाही. इतकी वर्षं संगणक शिकवते आणि आज तोंडात बोट.

शनि., १५
व्हॉट्सॲपवर निरोप फिरवला. दारात रांग. ज्याला त्याला स्वतःचा ईमेल काढून देतेय (फुकटचा, आकड्यांसकट), आणि जिथे जिथे माझा आहे तिथे बदलतेय. मंगेशने जम्मूहून फोनवर करून घेतलं. बहुतेकांचं होतंय.
सुनीता टेकामचं होत नाही. झरीकडच्या पोडावरची, आदिवासी वस्तीतली, नर्सिंग झालेली. सरकारी नर्सभरतीच्या प्रतीक्षा यादीत आहे, पहिली. बोलावणं फक्त ईमेलवर, सात दिवसांत हजर. आणि अर्जातला ईमेल बदलता येत नाही, असं मोठ्या अक्षरात लिहिलंय. तो अर्ज मी भरलाय. माझ्या हाताने.

बुध., १९
भरतीच्या हेल्पलाइनवर तिसऱ्यांदा फोन. एक बाई शेवटी नीट बोलल्या: सहीचा अर्ज पाठवा, नवा पत्ता कळवा, साहेब ठरवतील. हमी नाही. अर्ज टाइप केला, चूक माझी असं त्यात लिहिलं. सुनीताने वाचला आणि ती ओळ काढा म्हणाली. मी ठेवली. पोस्टाने, ईमेलने, दोन्हीकडून रवाना.

मंगळ., २५
उत्तर नाही. जुन्या ईमेलची पेटी दर तासाला उघडते. जिवाला घोर.

रवि., ३०
सुनीता सकाळीच एसटीने आली. दोघी पडद्यासमोर. दुपारी जेवून परत उघडायला गेले तर पासवर्ड चुकीचा म्हणाला. तेरा वर्षं चाललेला पासवर्ड. संपलं. बोलावणं त्याआधी आलं नव्हतं. यापुढे तिथे आलं तर कोणालाच कळणार नाही.
मला रडू आलं. तिचं वर्ष मी घालवलं असेल तर काय, हे बोलून दाखवलं. ती मोबाइल हातात धरून बसली होती, नव्या ईमेलमध्ये मी पाठवलेला एकच मेल, तो परत परत उघडत.
म्हणाली, "मॅडम, आजवर माहे सारे कागदं तुमच्या घरी येत. पास झाली का नाही, ते तुम्हाले पयले कळे. आता येईन त माह्या हातात येईन."
एवढ्या वर्षांत हे कोणी बोललं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.
चारच्या गाडीने गेली. पोडावर रेंज नाही, फक्त टेकडीवर येते. मेल बघायला रोज सकाळी चढीन म्हणाली. उद्या सोमवार, भरतीचं ऑफिस उघडेल.