चिलखती गाडीतला ड्रायव्हर

प्रिय परीक्षितभाऊजी,

दादा फोनवर का येत नाहीत, असं तुम्ही सारखं विचारता. खरं काय ते लिहितेय, पण पाठवायचं धाडस होणार नाही.

रिटायर झाल्यापासून हे इथल्या हर्नडन गावाजवळ एका संग्राहकाच्या शेडमध्ये जुनी लष्करी वाहनं दुरुस्त करायला जायचे. तिथे एक फ्रेंच चिलखती गाडी आली. महायुद्धात जर्मनांनी ती पकडून तिच्यावर स्वतःची तोफ बसवली होती, स्वतःचा रंग फासला होता. मी डबा घेऊन गेले, तेव्हा हे आत बसून तो रंग खरवडत होते आणि कोणाशी तरी बोलत होते.

"कोण आहे हो आत?"

"ड्रायव्हर आहे गं. घरी जायचंय म्हणतो."

मी हसले. मग हे बाहेर आले आणि माझ्याकडे परक्यासारखे बघत राहिले. तेव्हापासून मराठी शब्द नाही. झोपेत फ्रेंच बोलतात, जी हे कधी शिकलेच नाहीत. डॉक्टरांना काही सापडत नाही.

काल यांना घरी झोपलेलं सोडून मी एकटीच शेडमध्ये गेले. गाडी रिकामी होती, झाकण सताड उघडं होतं. तरी आतून यांचा आवाज आला, "नीलू, झाकण उघड ना."

मी आत हात घातला. तो कोणीतरी घट्ट धरला. भाऊजी, तो स्पर्श मी चाळीस वर्षं ओळखते.

तुमची,
नीलांबरीवहिनी