मधल्या भिंतीवरचा मनीप्लँट

१२ मार्च, मंगळवार
टँकर आज बी न्हाई. चौथा दिवस. तांदूळ धुतलेलं पाणी मनीप्लँटला घातलं. घालताना दरवेळी तेच मनात येतं, पाणी माझं अन् पानं मंगलची. डबा माझ्या खिडकीत, येल मधल्या भिंतीवरून पत्र्याखालच्या फटीतून पलीकडं गेलेला. माझ्या बाजूला पाच-सहा फूट नुसत्या दांड्याची दोरी. एक पान न्हाई.
वाटणीत भिंत घातली तवा बी मंगलशी, धाकट्या जावंशी, बोलणं तुटलं नव्हतं. दूध सोसायटीच्या इलेक्शनला तुटलं. माझ्याविरुद्ध फॉर्म भरला तिनं, मला एका शब्दानं न सांगता. अकरा वर्षं चेअरमन व्हते मी. आता ती हाय. आठ महिने झाले, ना ती बोलती ना मी.

१५ मार्च, शुक्रवार
म्हशी चारा छावणीत, म्हणून ह्यांचा मुक्काम बी तिथंच. भाकरी देऊन आले.
लातूरहून रेखाचा फोन. पोरीच्या गॅलरीत कुंड्याच कुंड्या, सगळं माहीत तिला. म्हणती, "काकीच्या खोलीत उजेड जास्त, म्हणून तिकडं पळतोय त्यो. काप की आई. कापल्याबिगर फुटवा न्हाई, अन् फुटव्याबिगर दाट व्हत न्हाई."
म्हणले, कापलं तर तिकडचं सगळं वाळंल.
"मग काकीला सांगून काप."
सांगते की! लई सांगते. फोन ठेवला.

१८ मार्च, सोमवार
सोसायटीची मीटिंग मंगलच्या पुढच्या खोलीत झाली. दूध निम्म्यावर आलंय, संघाची संध्याकाळची गाडी बंद व्हणार म्हणं. मी काय भिंतीला कान लावला न्हाई, आपोआप येतं ऐकू. उठताना बाया म्हणत्यात, "मंगल, काय येल हाय बाई! गार वाटतंय बसायला."
'आक्काचा हाय' एवढं म्हणायला जीभ झडती व्हती का तिची?
बाया गेल्या अन् मी कापला. भाजीच्या कात्रीनं, बुडातून, पार मातीला लागून. लग्नानंतर सहा वर्षं ऊस तोडलाय ह्यांच्या जोडीनं, हात आपसूक खाली जातो. ऊस बुडातून तोडला की खोडवा जोरात फुटतो. वर लोंबणारी दोरी तशीच सोडली, वाळू दे तिच्या पानांसकट.
बरं वाटलं. लई बरं वाटलं.

१९ मार्च, मंगळवार
आज न्हाई बरं वाटत. येलानं काय केलं माझं?
पण एक हाय. पानं वाळली की कळंल तिला. भांडायला येईल. येऊ दे. तोंड तरी उघडंल.

२२ मार्च, शुक्रवार
नेकनूरला गेलते. एसटीत मंगल नेमकी पुढच्या सीटवर. अर्धा तास तिचा आंबाडा बघत बसले. पानं वाळल्याचं तोंडावर काय दिसंना. उतरताना तिनं माझ्या पिशवीला धक्का लागू दिला न्हाई, अंग चोरून उतरली. ते बी लागलं मला.

२७ मार्च, बुधवार
डब्यात काय फुटलं न्हाई. थोटूक काळं पडलंय, दाबलं तर मऊ लागतं. रेखाला फोटो पाठवला. फोन करून नुसती हसत सुटली. "आई, ऊस हाय का त्यो? मातीला लागून कोण कापतं! एक-दोन पेरं ठेवायची, त्याला डोळा असतो, त्या डोळ्याच्या वर कापायचं. डोळाच न्हाई तर फुटणार कुठून?"
उसाचा डोळा मातीत असतो, ह्याचा वर. एवढं कळाया पायजे व्हतं मला. डबा रिकामा करून पालथा घातला.
दुपारी आमटी खारट झाली. एकटीनंच खाल्ली.

२ एप्रिल, मंगळवार
नवलच हाय. भिंतीवरून लोंबणाऱ्या दोरीला, माझ्याच बाजूला, दोन पेरांतून हिरवी टोकं निघालीत! पंधरा दिवस झाले कापून. बुड न्हाई, पाणी न्हाई, मग हे फुटतंय कशावर? बोट लावून बघितलं. टणक हायत, खोटी न्हाईत.
कुणाला विचारू? विचारायचं तर पलीकडंच...

६ एप्रिल, शनिवार. पाडवा
गुढीसाठी हे आले, भाऊजी बी आले. भाऊजींना पोळ्यांचं ताट द्यायचं निमित्त करून मंगलच्या घरात पाय ठेवला. इलेक्शननंतर पहिल्यांदा. ती चुलीपुढं, बाहेर आली न्हाई.
वर बघितलं, छतभर पानं. एक बी वाळलेलं न्हाई. मग खाली बघितलं. येलाचा एक फाटा खाली वळवून सोसायटीच्या जुन्या फुटक्या किटलीत लावलेला. माती ओली. चांगली मुळं धरलीत.
भाऊजी म्हणले, "दिवाळीपासनं हाय वैनी ते. म्हणती, आक्काच्या एकट्या डब्यावर एवढा येल कसा पोसंल. भांडी धुतल्यालं पाणी बी घालीत न्हाई त्याला, चांगलं घालती."
घरी येऊन बसले. येल मेला न्हाई म्हणून सुटल्यागत झालं, अन् लगेच लाज वाटली. माझ्या बाजूचे कोंब तिच्या पाण्यावर निघालेत. अन् मी वाळायची वाट बघत व्हते. ह्यांनी विचारलं, काय झालं? काय न्हाई म्हणले.

१० एप्रिल, बुधवार
कोंबांना पानं उलगडली. रेखा म्हणती, आता नीट काप. एकेका तुकड्याला एक पेर अन् एक पान. पाण्यात मुळं फुटू दे, मग चार-पाच तुकडे एकाच डब्यात लाव, तरच डबा भरंल.
कात्री उकळत्या पाण्यातून काढली, पेर बघून लावली. पलीकडं येल हलला असंल. आवाज आला,
"आक्का, ह्या टायमाला तरी सांगून कापा."
एवढ्या महिन्यांनी पहिलं बोलणं अन् ते असं! माझं बी डोकं फिरलं. म्हणले, "फॉर्म भरताना तू सांगितलं व्हतंस का?"
मग म्हणली, "दोनदा आलते सांगायला. तुमी दुधाचं फॅट मोजीत व्हता. दोनी बारी म्हणलात, नंतर ये."
मला आठवत न्हाई. पण म्हणले असंल. सकाळच्या गर्दीत मान वर न करता कुणालाबी तसंच म्हणायची मी. चेअरमन ना!
ये आता, चहा टाकते, असं तोंडात आलतं. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. दोघीबी घागरी घेऊन पळालो.
रांगेत ती माझ्या मागंच. वळून बघितलं न्हाई. रांग सरकली तशी माझ्या घागरीबरोबर तिची बी पुढं वढली. तिनं वढू दिली.
येल आजून कापला न्हाई.