ओठांवरचं भांडण

गोरेगाव, ता. ६ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
मृणालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेज केला की तुम्ही नुसता अंगठा पाठवून मोकळे होता, म्हणून पत्र. सिनेमाचं काम सुरू झालं. सात वर्षं स्टेजवर एकटीने लोकांना हसवलं, आता पहिल्यांदाच दुसऱ्याने लिहिलेलं बोलायचं आहे. भूमिका आपल्या भिवंडीतलीच, लूमच्या कारखान्यात सुताची कांडी भरणारी बाई. आईने जन्मभर तेच केलं, त्यामुळे ते काम मला कुणी शिकवायला नको.

अडचण वेगळीच आहे. ही बाई चालू लूमच्या खडखडाटात उभी राहून मालकाला पानभर भाषण ठोकते, वर विनोद करते. मी दिग्दर्शकांना सांगितलं की तिथे शेजारच्याची शिंकसुद्धा ऐकू येत नाही, माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात. ते म्हणाले, तुला जिभेसाठीच घेतलंय, ती चालवायची नसेल तर दुसऱ्या दोघी तयार आहेत. सेटवरचे लूम बंदच असतात, खडखडाट नंतर घालणार म्हणे. वीस तारखेला तो सीन आहे. हे काम गेलं तर दुसरं कधी मिळेल देव जाणे. काय करू?

गोळ्या वेळेवर घ्या. लोभ आहेच, तो वाढवा असं तुम्हाला काय सांगायचं.

तुमची,
मृणाली

भिवंडी, ता. ११ जानेवारी २०२५

चि. मृणालीस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी कधी विचारून काही केलं नाहीस, आताच बरी बाबाची आठवण झाली. तीस वर्षं मी जॉबर म्हणून लूम दुरुस्त केले. ओरडून बोलणारा कामगार आठवडाभरात घसा बसून गप्प व्हायचा. तुझी आई होती तेव्हा कांडी मशीनवरून नुसते ओठ हलवून माझी अशी हजेरी घ्यायची की मला पळता भुई थोडी व्हायची. शेजारी उभ्या मालकाला वाटायचं, बाई पान चघळतेय.

एक गोष्ट इतकी वर्षं लपवली, ती आज लिहून टाकतो. ठाण्यात तुझे पाच कार्यक्रम मी पुढच्या रांगेत बसून बघितले. एकही विनोद मला कळला नाही. घरी समोर बसलीस की मी तुझे ओठ वाचतो, स्टेजवर तू माइक तोंडाशी धरतेस. लोक हसले की मी हसायचो. सगळ्या हॉलला माझी पोर कळते आणि मलाच नाही, याचं फार वाईट वाटायचं.

काम धर किंवा सोड, ते तुझं तू ठरव. पण आईच्या मैत्रिणीला, हौसाबाईला, त्या सीनमध्ये मागे बसायला तुमच्या सिनेमावाल्यांनी बोलावलंय. तिच्यासमोर खोटं करू नकोस.

घरच्या सगळ्यांचा तुझ्यावर जीव आहे, हे विसरू नकोस.

तुझा बाबा,
केसरीनाथ

गोरेगाव, ता. २१ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग स्वतःवरच चिडले. पाच वेळा समोर बसलात आणि तुम्हाला काहीच कळत नाहीये हे मला समजलं नाही. काल सकाळी दिग्दर्शकांना जाऊन सांगितलं की आधी एकदा माझ्या पद्धतीने करू द्या, नाही आवडलं तर मी बॅग भरते, त्या दोघींपैकी कुणाला तरी बोलवा. बॅग खरंच भरून नेली होती. ते बॅगेकडे बघून हो म्हणाले.

कॅमेरा सुरू झाला तशी मी हौसामावशीला हाताने खुणावलं. तिला नुसतं बसून राहायला सांगितलं होतं, पण तिला राहवतंय कुठे? तिने तिथूनच उत्तर दिलं, मग तिच्या जवळच्या एका बाईनेही दिलं. आवाज कुणाचाच नाही. शेवटी मी मालकाकडे वळून सगळं ओठांवरच सुनावलं. मालक झालेला नट इतका गोंधळला की मी काय म्हणतेय ते मागे वळून दिग्दर्शकांनाच विचारायला लागला. त्याच्या त्या गोंधळासकट त्यांनी सीन ठेवला.

मी काय बोलले ते पडद्यावर खाली लिहायचं होतं त्यांना. मी सांगायला नाही म्हटलं, आणि हौसामावशीला सगळं कळलंय तरी ती नुसती हसतेय. सिनेमा लागला की तुम्ही हॉलमध्ये मधोमध बसा. माझ्या तोंडासमोर काही नाही. कधी हसायचं ते या वेळी लोकांना तुमच्याकडे बघून ठरवू द्या.

आशीर्वाद आहेतच, त्यात खंड पडू देऊ नका.

तुमची,
मृणाली